लोखंडावरील भाजलेला लेप : जुन्या बंदुकांचे पुनर्लेपन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशी असंख्य घरे आहेत की, ज्यांच्या तळघरात अथवा कपाटात आजोबा-पणजोबांच्या वेळची एखादी बंदूक पडून असते. कोणी ती शिकारीसाठी घेतलेली असते, कोणी महायुद्धानंतर सैन्याने विकून टाकलेल्या रायफलींतून निवडलेली असते. मूळचा निळसर काळा रंग ठिकठिकाणी उडालेला असतो. हाताची पकड जेथे पडे तेथे लोखंड पांढरे झालेले असते. आणि दमट हवेने नळीवर तांबूस ठिपके उठविलेले असतात. अशी बंदूक घरच्या घरी उघडून, स्वच्छ करून, तिच्यावर रसायनमिश्रित राळेचा पातळ लेप फवारावयाचा व तो भट्टीत भाजून पक्का करावयाचा, हा उद्योग तेथील हौशी लोकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुष्कळच रूढ झाला. त्यासाठी लागणारे लेप तेथे बाजारात तयार मिळतात आणि भट्टी म्हणून विजेची जुनी शेगडीही चालते.

वरवर पाहता हे काम रंगाऱ्याचे वाटते. परंतु त्याच्या पोटात रसायनशास्त्राचे व धातुशास्त्राचे बरेच धडे दडलेले आहेत. लोखंड का गंजते, लेप त्याला कसा आवरतो, भाजल्याने राळेत कोणता पालट होतो, आणि ठरावीक तापमानापलीकडे गेल्यास काय बिघडते, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून चांगली वस्तू कायमची नासण्याचा संभव असतो. हाच लेप मोटारींच्या भागांवर, यंत्रांवर व हत्यारांवरही बसविला जातो. त्यामुळे बंदुकीच्या निमित्ताने मिळणारे ज्ञान बंदुकीपुरते मर्यादित राहत नाही.

गंज कसा चढतो?

लोखंड गंजण्यास दोन गोष्टी अवश्य लागतात : पाणी व प्राणवायू. कोरड्या हवेत लोखंड वर्षानुवर्षे तसेच राहते. उकळून हवा काढून टाकलेल्या पाण्यातही ते फारसे गंजत नाही. दोन्ही एकत्र आली की, लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड तयार होते. तोच गंज होय. ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. त्यामुळे तो धातूला चिकटून राहत नाही. फुगतो, पापुद्रे धरतो व गळून पडतो. खाली नवे लोखंड उघडे होते आणि तीच क्रिया पुन्हा सुरू होते.

ही क्रिया विजेच्या घटासारखी चालते, हे केंब्रिज विद्यापीठातील यू. आर. एव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात एका साध्या प्रयोगाने स्पष्ट केले. त्यांनी पोलादाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. अशा स्थितीत लोखंड विरघळते ते कडेला नव्हे, तर मध्यभागी! प्राणवायू जेथे विपुल असतो तो भाग घटाचे एक टोक बनतो, जेथे तो दुर्मिळ असतो तो दुसरे. आणि झिजते ते हे दुसरे टोक. तांबूस गंज मात्र या दोहोंच्या मधल्या वर्तुळात साचतो. जुन्या बंदुकीवर धूळ, घामाचे डाग किंवा गंजाचा खपला जेथे बसलेला असतो त्याच्या नेमक्या खाली खोल खळगा का सापडतो, याचे उत्तर या थेंबात आहे.

क्षार या क्रियेस गती देतात. कारण क्षारयुक्त पाण्यातून वीज सुलभतेने वाहते. कोकणातील समुद्रकाठच्या घरांत खिडकीचे गज देशावरच्या मानाने लवकर खराब होतात, त्याचे कारण हेच. बंदुकीच्या बाबतीत क्षार आणखी एका वाटेने येतात. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट हे द्रव्य असे. बार उडाला की, त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन ते नळीत राही. मिठाशी साधर्म्य असलेला हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो. नळीत होणाऱ्या गंजाचे मूळ या क्षारात आहे, हे अमेरिकेच्या खाणखात्यातील विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले. तेलाने असा क्षार विरघळत नाही. तो पाण्यानेच धुवावा लागतो. पाण्याचे नाव काढताच बिचकणारे शिकारी वर्षानुवर्षे नळीला तेल पाजीत राहिले आणि तेलाखाली नळी गंजतच राहिली. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकी सैन्याने ही टोपी बदलली; परंतु त्या आधीच्या बंदुकांच्या नळ्यांत त्या काळच्या खुणा अजूनही दिसतात.

निळाई, तपकिरी आणि फॉस्फेट

भाजलेल्या लेपाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी त्याच्या पूर्वीचे उपाय थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. जुन्या कारागिरांनी गंजाविरुद्ध गंजालाच कामाला लावले होते. नळीवर सौम्य आम्ल व क्षार यांचे मिश्रण पुसावयाचे, पातळ गंज चढू द्यावयाचा, तो तारेच्या मऊ कुंच्याने घासावयाचा, पुन्हा तेच करावयाचे. असे अनेक दिवस चालले म्हणजे घट्ट, तपकिरी रंगाचा थर तयार होई. प्रत्येक फेरीनंतर नळी उकळत्या पाण्यात ठेवली, तर तोच तांबडा गंज पालटून काळे ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, बने. हीच बंदुकीची सुप्रसिद्ध निळाई. पुढे कारखान्यांनी वेळ वाचविण्यासाठी कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावात पोलाद बुडवून अर्ध्याएक तासात तोच रंग आणण्याची रीत काढली.

निळाई दिसावयास सुंदर असते. परंतु तिचा थर अतिशय पातळ व सच्छिद्र असतो. त्यात तेल मुरलेले असेल तोवर ती रक्षण करते. तेल सुकले की तिचा उपयोग संपत येतो. म्हणून युद्धसामग्रीसाठी दुसरा मार्ग शोधण्यात आला. इंग्लंडमध्ये टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये फॉस्फरिक आम्लाच्या साहाय्याने लोखंडावर फॉस्फेटचा थर बसविण्याचा एकाधिकार मिळविला. ती रीत सुधारून अमेरिकेत डेट्रॉइट येथे १९१५ मध्ये पार्कर नावाची कंपनी स्थापन झाली. तिच्यावरून या थरास ‘पार्करायझिंग’ हे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी रायफलींचा चमकरहित राखाडी रंग याच थराचा. फॉस्फेटचे स्फटिक खरबरीत असतात. ते तेल धरून ठेवतात आणि त्यांच्यावर रंगही घट्ट बसतो. ब्रिटिशांनी युद्धोत्तर काळात फॉस्फेटवर काळा रंग देऊन तो भट्टीत भाजण्यास आरंभ केला. बंगालमधील इशापूर येथील कारखान्यात १९६० नंतरच्या दशकात तयार झालेल्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलींवरही काळ्या रंगाचे असेच आवरण असे; त्यांतील काही पुढे अमेरिकेतील बाजारात विक्रीस आल्या.

भाजल्याने काय घडते?

कुंभाराने चाकावरून उतरविलेले कच्चे मडके पाण्यात ठेवले, तर त्याचा चिखल होतो. तेच मडके आव्यातून निघाले की, पाणी त्याचे काही बिघडवू शकत नाही. उलटपक्षी लाखेची बांगडी तापविली की मऊ पडते, निवाली की घट्ट होते, पुन्हा तापविली की पुन्हा मऊ पडते. राळांचेही असेच दोन वर्ग आहेत. काही राळा लाखेप्रमाणे उष्णतेने नरमतात. काही मात्र मडक्याप्रमाणे उष्णतेने एकदाच व कायमच्या घट्ट होतात. बंदुकीवर भाजावयाचा लेप या दुसऱ्या वर्गात मोडतो.

या राळेचे रेणू लेप देताना सुटे असतात. म्हणून ती द्रावकात विरघळते व फवाऱ्यातून उडविता येते. उष्णता मिळाली की शेजारशेजारचे रेणू एकमेकांना सांधले जातात आणि सर्व बाजूंनी विणलेले एकच जाळे तयार होते. ते पुन्हा वितळत नाही व साध्या द्रावकात विरघळतही नाही. राकेल, तेल वा पेट्रोल लागूनही भाजलेला लेप जागचा हलत नाही, तो यामुळेच. अशी पहिली संपूर्ण कृत्रिम राळ लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनविली. ती ‘बेकलाइट’ या नावाने जगभर पोचली. बंदुकांवरील काही लेपांत आजही फिनॉलच्याच कुळातील राळ असते. तिच्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडची भुकटी मिसळतात. ही भुकटी ग्रॅफाइटप्रमाणे निसरडी असल्याने सरकणारे भाग कमी घासतात. अलीकडच्या काही लेपांत राळेबरोबर चिनी मातीच्या जातीचे कठीण कणही घातलेले असतात.

भाजण्याची कल्पना मात्र बेकलंडहूनही जुनी आहे. वेल्समधील पाँटिपूल येथे अठराव्या शतकात डांबर व जवसाचे तेल यांचा काळा रोगण पत्र्याच्या तबकांवर चढवून तो मंद भट्टीत भाजीत असत. फोर्डच्या ‘टी’ नमुन्याच्या मोटारींचा काळा रंगही अशाच डांबरी रोगणाचा होता. मराठी घरातील स्वयंपाकघरात तर हे शास्त्र नित्य चालू असते. बिडाचा नवा तवा तेल लावून पुनःपुन्हा तापविला जातो, तेव्हा त्यावर चढणारा काळा गुळगुळीत थर म्हणजे निव्वळ तेल नव्हे. उष्णतेने व हवेने तेलाचे रेणू परस्परांना सांधले जाऊन त्यांचे घन पटल झालेले असते. ते पाण्याने धुतले जात नाही, आणि ते शाबूत आहे तोवर तवा गंजत नाही.

लेपाची जाडी साधारणतः १० ते २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून चाळिसाव्या भागापर्यंत, असते. त्याहून जाड थर हितकारक नसतो. द्रावक आतच कोंडतो, भाजताना बुडबुडे धरतात आणि घट्ट बसणारे भाग एकमेकांत जाईनासे होतात. याच कारणास्तव नळीच्या आतील बाजूस व काडतूस बसते त्या जागेत लेप देत नाहीत. तेथील माप मिलिमीटरच्या बारीक अंशापर्यंत अचूक असावे लागते.

पूर्वतयारी : कामाचा मोठा हिस्सा

लेप फवारण्यास काही मिनिटे पुरतात. तयारीस दिवस लागतो. या क्षेत्रातील बहुतेक अपयशांचे मूळ तयारीत असते, राळेत नसते.

पहिली पायरी रसायनाची नसून सावधगिरीची आहे. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी व बोटाने, दोन्ही रीतींनी पाहावयाचे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावयाची. मगच ती खोलावयाची. लाकडी दस्ता, रबर, प्लॅस्टिक व काच असलेला प्रत्येक भाग वेगळा करावा लागतो.

दुसरी पायरी तेल काढण्याची. जुन्या पोलादाच्या सांध्यांत व छिद्रांत दशकानुदशके मुरलेले तेल वरवर पुसल्याने जात नाही. भाग द्रावकात धुवून कोरडे करतात व लेप देण्यापूर्वीच एकदा भट्टीत तापवितात. सांध्यांतून तेल पाझरून वर येते. ते पुन्हा धुवावयाचे. ही पायरी गाळली, तर तेच तेल लेप भाजताना बाहेर येते आणि त्या जागी लेपाला भोक पडते. पुढे याच भोकातून एव्हान्स यांच्या थेंबाची कहाणी सुरू होते. ओलावा लेपाखाली शिरतो, लेपाखाली प्राणवायू कमी असतो, आणि गंज लेप उचलीत आतल्या आत पसरतो.

तिसरी पायरी पृष्ठभाग खरबरीत करण्याची. गुळगुळीत घोटलेल्या पोलादावर राळेला धरावयास आधार सापडत नाही. म्हणून दाबाच्या हवेने ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मारून पृष्ठभाग एकसारखा निस्तेज करतात. नळीची दोन्ही तोंडे आधी बुचांनी बंद केलेली असतात. या कामी नदीची वा समुद्राची वाळू वापरणे घातक आहे. तिच्यातील सिलिकेची धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. ब्रिटनमध्ये ओतीव वस्तू साफ करण्यासाठी वाळूचा असा वापर १९४९ मध्येच कायद्याने बंद करण्यात आला. जुन्या बंदुकीवरील काजळीत शिसेही असते. म्हणून श्वासावरण न लावता ती घासणे अयोग्य होय.

या क्षणापासून भागाला उघड्या हाताचा स्पर्श होता कामा नये. बोटाचा ठसा म्हणजे तेल व मीठ यांचे मिश्रण. तो लेपाखाली राहिला तर कालांतराने गंजाच्या रूपाने पुन्हा उमटतो. भाग तारेवर टांगून, किंचित कोमट करून, त्यांवर पातळ लेप दोन-तीन हातांत फवारतात आणि द्रावक उडून जाईपर्यंत वाट पाहतात.

द्रावकांच्या बाबतीत दोन धोके विशेष ध्यानात ठेवावयाचे आहेत. ॲसिटोनसारख्या द्रावकाची वाफ शून्य अंशाखालीही पेट घेऊ शकते. ओला भाग ज्योतीच्या भट्टीत ठेवणे म्हणजे स्फोटास निमंत्रण होय. क्लोरीनयुक्त द्रावक तापलेल्या धातूशी वा ज्योतीशी आला तर फॉस्जीन हा विषारी वायू उत्पन्न होऊ शकतो. आणि ज्या भट्टीत लेप भाजला तीत पुन्हा अन्न शिजविता येत नाही. शिसे व राळेची वाफ तिच्या भिंतींवर बसलेली असते.

उष्णतेचे मोजमाप

काही लेप सुमारे १२० अंश सेल्सिअस तापमानात दोन तासांत पक्के होतात. काहींना सुमारे १६० अंशांवर एक तास लागतो. हा काळ भट्टी पेटविल्यापासून मोजावयाचा नसतो, तर धातू स्वतः त्या तापमानास पोचल्यापासून मोजावयाचा असतो. जाड नळी पातळ पत्र्यापेक्षा सावकाश तापते. ताप कमी पडला तर रेणूंचे जाळे अर्धवट विणले जाते. लेप वाळलेला दिसतो, पण द्रावक लावून चोळला की रंग फडक्यावर उतरतो.

ताप अधिक झाला तर नुकसान कितीतरी मोठे असते. पोलादाला पाणी देऊन त्याची कठीणता जुळविलेली असते. सुमारे २०० अंशांच्या पुढे घोटलेल्या पोलादावर फिकट पिवळी छटा येऊ लागते, ३०० अंशांच्या आसपास ती निळी होते. लोहार या रंगांवरूनच उतरती कठीणता ओळखतो. लेप भाजण्याचे तापमान या सीमेच्या खाली राहते, म्हणून कमानी व खटके यांना अपाय होत नाही. मात्र जोडनळीच्या जुन्या बंदुकांत दोन नळ्या व त्यांमधील पट्टी पुष्कळदा मऊ डाखाने जोडलेल्या असतात. कथील व शिसे यांचा असा डाख १८३ अंशांवर वितळू लागतो. १६० आणि १८३ यांत अंतर थोडे. आणि घरगुती भट्टीचा काटा दाखवितो त्याहून आतील ताप कधीकधी बराच वर चढतो. आतमध्ये स्वतंत्र तापमापक ठेवल्यावाचून अशी नळी भाजणे म्हणजे ती उकलण्याचा धोका पत्करणे होय.

उष्णता डोळ्यांनी जोखण्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या शस्त्रनिर्मितीच्या इतिहासात नोंदलेले आहे. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी कारखान्यात १९०३ च्या नमुन्याच्या रायफली तयार होत. तिच्या मुख्य भागाचे, म्हणजे रिसीव्हरचे, पोलाद किती तापले हे कामगार त्याच्या लाल रंगावरून ठरवीत. काही रायफली बार काढताना फुटल्यामुळे १९१७ मध्ये चौकशी झाली, तेव्हा उघड झाले की, ढगाळ दिवशी जो रंग योग्य भासे तोच रंग लख्ख उन्हात येईपर्यंत पोलाद प्रमाणाबाहेर तापलेले असे. ते करपून ठिसूळ होई. त्यानंतर भट्ट्यांना उष्णतामापक बसविण्यात आले व उष्णतोपचाराची रीतही बदलली. परंतु सुमारे ८,००,००० च्या आतील क्रमांकांच्या रायफली तत्पूर्वीच्या होत्या, आणि त्यांतील काही आजही लोकांच्या संग्रही आहेत.

लेपाखाली काय झाकले जाते?

या उदाहरणाचा पुनर्लेपनाशी निकटचा संबंध आहे. ठिसूळ रिसीव्हर भट्टीत भाजून काळाशार केला, तरी त्याच्या आतील दोष तसाच राहतो. १६० अंशांचा ताप त्यास दुरुस्त करू शकत नाही. उलट नव्या लेपाने तो निर्दोष दिसू लागतो. बारीक तडा, खोल खळगा, पूर्वी केलेली डागडुजी या सर्वांवर लेप सारखाच पसरतो. म्हणूनच अनुभवी कारागीर लेप देण्यापूर्वी, धातू उघडा असतानाच, तो भिंगाखाली तपासतो आणि संशय आल्यास लेपाचा विचारच सोडून देतो. गंजाने नळीची भिंत पातळ झाली असेल, तर लेपाने तिची जाडी भरून येत नाही. अशी बंदूक भिंतीवर शोभेल. तिच्यात काडतूस भरणे मात्र जिवावर बेतेल.

झाकली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे इतिहास. बंदुकीवर कारखान्याची मुद्रा, परीक्षेचे शिक्के, क्रमांक व कधी मालकाची आद्याक्षरे असतात. मूळ रंग कोठे व कसा झिजला, यावरूनही जाणकारास पुष्कळ कळते. कणांच्या झोताने उथळ अक्षरे पुसट होतात आणि झीज तर समूळ नाहीशी होते. संग्राहक मूळ थर राखलेली जीर्ण बंदूकही नव्याने लेपलेल्या देखण्या बंदुकीपेक्षा अधिक मोलाची मानतात, त्याचे कारण हे होय. वस्तुसंग्रहालयांचा नियम असा की, जे पुढे काढून टाकता येईल तेच वस्तूवर चढवावे. म्हणून तेथे पोलादाला तेल अथवा बारीक स्फटिकांचे मेण लावतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकात असे एक मेण याच हेतूने तयार करण्यात आले. मेण द्रावकाने उतरते. भाजलेला लेप उतरवावयाचा तर पुन्हा कणांचा झोत मारावा लागतो, आणि प्रत्येक झोताबरोबर मूळ धातूचा अंशही जातो.

यावरून निवड कशी करावी ते उघड होते. रोज पावसापाण्यात वापरावयाची, ऐतिहासिक महत्त्व नसलेली, धातूने सुदृढ अशी बंदूक असेल, तर भाजलेला लेप तिला उपकारक ठरतो. दुर्मिळ वस्तूला मेण पुरेसे असते. सदोष वस्तूला दोन्ही व्यर्थ होत.

येथे कायद्याचाही उल्लेख अवश्य आहे. अमेरिकेत मालकास स्वतःच्या बंदुकीवर असे काम करण्यास सामान्यतः मुभा आहे; परंतु १९६८ च्या कायद्याने कारखानदारांस प्रत्येक बंदुकीवर क्रमांक घालणे सक्तीचे केले असून तो खोडणे वा बदलणे हा गुन्हा आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती वा रूपांतर परवान्यावाचून करता येत नाही, आणि तिच्यावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे हा अपराध ठरतो. सबब भारतात परवानाधारक मालकानेदेखील हे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपविले पाहिजे.

शाळेत करावयाचा प्रयोग

या विषयातील मुख्य तत्त्व पडताळून पाहण्यास बंदुकीची मुळीच आवश्यकता नाही. लोखंडाचे चार सारखे खिळे घ्यावेत. पहिला पॉलिशकागदाने घासून तसाच ठेवावा. दुसऱ्यास तेलाचे बोट लावून त्यावर रंग द्यावा. तिसरा आधी गंजू द्यावा व गंजावरच रंग द्यावा. चौथा घासून, साबणाने धुवून, पूर्ण कोरडा करून, हाताचा स्पर्श न होऊ देता रंगवावा. रंग सर्वांचा एकच असावा. सर्व वाळल्यावर रंगविलेल्या तिन्ही खिळ्यांवर सुईने एकेक ओरखडा ओढावा आणि चारही खिळे मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या कापसावर आठ दिवस ठेवावेत. कापूस सुकू देऊ नये.

आठ दिवसांनी ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग नखाने उचलून पाहावा. कोणत्या खिळ्यावर गंज ओरखड्यापुरता राहिला व कोणत्यावर तो रंगाखाली पसरला, याची वहीत नोंद करावी. कारखान्यांतही लेपांची कसोटी याच तत्त्वावर घेतात. बंद पेटीत ३५ अंशांवर शेकडा ५ मिठाच्या पाण्याचे धुके सतत सोडून लेपलेला पत्रा किती तास टिकतो ते मोजतात. या कसोटीचे प्रमाण अमेरिकेत प्रथम १९३९ मध्ये ठरविण्यात आले. नुसती निळाई या धुक्यात थोड्याच तासांत हार खाते; नीट तयारी करून भाजलेला लेप शेकडो तास तग धरू शकतो.

समारोप

लेप म्हणजे लोखंड व हवा यांच्यामधील पडदा होय. तो लोखंडास बळ देत नाही, त्याचा दोष काढीत नाही आणि गेलेला धातू परत आणीत नाही. पडदा अखंड राहावयाचा तर खालची जमीन स्वच्छ हवी आणि उष्णता मोजून दिलेली हवी. हे दोन्ही साधले तर जुने लोखंड आणखी एका पिढीच्या उपयोगी पडते. परंतु आव्यात गेलेले मडके पुन्हा माती होत नाही, तसाच भाजलेला लेपही मागे घेता येत नाही. म्हणून या कामी भट्टी पेटविण्यापूर्वीचा विचार हाच कारागिराचा खरा कस आहे. हातातील वस्तू कोणती, तिच्या पोटात काय आहे व तिच्या अंगावर काय लिहिलेले आहे, हे ज्याने आधी नीट वाचले त्यानेच पुढे फवारा हाती घ्यावा.